इन्स्पेक्टरसाहेबांची छत्री

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, पण एवढं खरं की मद्रासच्या शाळेत इंग्रजी शिकवायची माझी नोकरी त्या दिवशी पक्की व्हायची होती आणि इन्स्पेक्टर मागच्या बाकावर बसले होते. कृती करायची आणि तोंडानं तेच वाक्य बोलायचं, असा पाठ होता. मी म्हटलं, "पद्मा, दाराकडे जा."

ती चालत म्हणाली, "आय अ‍ॅम गोइंग अँड कमिंग."

"फक्त गोइंग!" इन्स्पेक्टर कडाडले.

"नको सार, नुसतं 'जाते' म्हटलं की आजी ओरडते."

पुढच्या तिघांनीही तेच केलं. माझी नोकरी मात्र नुसतीच जाणार होती.

शेवटी साहेब उठले. "असं म्हणायचं! आय अ‍ॅम गोइंग!" आणि ऐटीत निघून गेले.

मिनिटभरात दारात हजर. "छत्री राहिली," म्हणत इकडेतिकडे पाहिलं आणि पुटपुटले, "अँड कमिंग."

वर्गानं बाकं बडवली. साहेबही हसले, मी कायम झालो.

छत्री काही सापडली नाही. ती मीच नंतर मनानं जोडली असेल, असं वाटायचं. पुढे कित्येक वर्षांनी टी. नगरातल्या एका लग्नात साहेबांच्या पत्नी भेटल्या, तेव्हा भीत भीत त्या छत्रीचं विचारलं.

"छत्री? ह्यांनी जन्मात कधी छत्री वापरली नाही हो!"