दुपट्यापुरती साडी

कोरोनाच्या दिवसांत येरवड्यातल्या दवाखान्याबाहेरची रांग. अंतरासाठी आखलेल्या वर्तुळांपैकी पुढच्यात गरोदर मुलगी, मागच्यात एक म्हातारी.

"कितवा गं?"

"नववा लागला, मावशी."

"दुपटी शिवलीस?"

"आईनं तिच्या जुन्या साड्या काढून ठेवल्या होत्या. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जुनंच लागावं म्हणायची."

"मग?"

"आई कोरोनात गेली. भावानं तिचे सगळे कपडे जाळले. त्या साड्याही."

"घाबरला असेल गं."

"मला झाला तर बाळ जवळसुद्धा देणार नाहीत म्हणे. निदान साडी तरी आईची हवी होती."

"माझ्याकडे आहे एक. धुऊन धुऊन मऊ झालेली. पुढच्या खेपेला आणते."

"तुमच्या घरी नको का कुणाला?"

"लेकीच्या बाळासाठीच जपली होती. आता नको कुणाला. कडक उन्हात घाल मात्र, मगच फाड."