विमानानं पाऊण तास

जनकाबाई : तिकीट काढ म्हटलं ना तुले! मान खाली घालून काऊन बसला बे?

रवी : निघतच नाई ना वो, मामी.

जनकाबाई : काऊन? जागा भरल्या?

रवी : विमानच नाई. सिरोंच्याले नाई अन् डोणगावातबी नाई.

जनकाबाई : डोणगावात नाई हे दिसते मले, आंधळी नाई मी! मले वाटलं, जवळपास कोठी तरी उतरत असंन. महामायाले पाहाले पाहुणे आले त्या दिवशी मोबाईल कोणं नाचवला माह्या तोंडापुढं? "मामी, डोणगाव ते सिरोंचा, विमानानं पाऊण तास!" म्हटलं का नाई?

रवी : म्हटलं. लिहेलच होतं तसं.

जनकाबाई : विमान नाई तं लिहिलं कोणं?

रवी : तो मोबाईल दोन गावाईमंधी नुसती सरळ रेघ ओढते. विमान असो का नसो, वेळ सांगून मोकळा.

जनकाबाई : आग लागो त्या रेघेले! पोरीचा आठवा सरून राह्यला. तिथली सिरोंच्याची डॉक्टरीण म्हणते, अठरा तास एसटीत बसवाल तं मी जबाबदार नाई. इथं म्या बाज कसून ठेवली, डिंकाचे लाडू वळले. पहिलं बाळंतपण आहे रे! आईजवळ नाई तं कोठी होईल?

रवी : प्रसेनजित भाऊजी आहेत ना तिथं.

जनकाबाई : तो मास्तर शाळा पाहीन का शेक-शेगडी पाहीन? इतल्या दूर द्याची नाई, हे तुह्या मामाले म्या दहादा बजावलं होतं. तुह्या पाऊण तासानं हो म्हटलं म्या! दिवाळीले आली तं मले म्हणे, आई, विमानाचं भेव लागते, एसटीच बरी. मले तेबी खरं वाटलं. कोणं सांगितलं होतं तुले हे शहाणपण? बोल!

रवी : महामायानं.

जनकाबाई : काय?

रवी : तिनंच काढलं होतं मोबाईलवर. विमान नाई हे तिले माहीत होतं. मले म्हणे, रवीदादा, आईले फक्त पाऊण तास सांग, बाकी काई नको बोलू. मले हाच पोरगा पाहिजे.

(जनकाबाई आत जाते, लाडवांचा डबा आणून पिशवीत भरते.)

जनकाबाई : सख्ख्या आईले बनवलं. पोचू दे मले तिथं, मंग पाहीन तिच्याकडं.

रवी : तुमी? अठरा तास? अन् गुडघे, मामी?

जनकाबाई : गुडघे माहे आहेत, तुह्ये नाईत. किती गाड्या बदला लागतात?

रवी : चार.

जनकाबाई : कागद घे. मोठ्या अक्षरात लिही. कोठी उतराचं, कोठी बसाचं, किती वेळ लागते. अन् रवी, आता खरं लिहिजो बाप्पा.