जवसाचं लुगडं

…आणि वरून मलाच विचारतात, अनुसयाबाई, गोरेगावच्या कंट्रोलच्या दुकानात साऱ्या बाया कापडासाठी रांगेत उभ्या राहतात, तुम्हालाच कायचा कमीपणा? आता काय सांगू तुम्हाला, कमीपणा नव्हता हो, तोंड होतं माझं. लढाई तिकडे जर्मनीत, लुगडी इकडे गायब, आणि विहिरीवर दहा बाया ऐकत असताना मी बोलली, रांगेत उभी राहणार नाही, माझं लुगडं मी माझ्या धानाच्या बांधीत पेरीन. बोलून बसली ना मी.

शाळा मी पाहिली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद जोडजोडून अक्षर शिकली, आणि त्यातल्याच एका कागदावर होतं की साहेब लोक उन्हाळ्यात जे गार कापड घालतात ते जवसाच्या काडीतून निघते. आमच्याकडे जवस म्हणजे तेल, चटणी, आणि काडी चुलीत. म्हणजे जन्मभर मी साहेबाचे सदरे चुलीत घालून राहिली होती.

तर कार्तिकात उभ्या धानात जवस फेकलं. निळी फुलं आली, गेली, आणि बोंडं हिरवी असतानाच मी मुळासकट उपटायला बसली, कागदात तसंच होतं. आमचा बुढा, माझ्या कुंकवाचा धनी, बांधावरून असा पाहे, जसं काही मी गाभण गाय विकून राहिली. म्हणे, "काऊन उपटतेस वं? तेलाचं काय?" मी म्हटलं, वर्षभर बिनतेलाचं खा. खाल्लं बिचाऱ्याने.

पुढे काडी भिजवायची. किती दिवस? कागद नेमका तिथंच फाटलेला… पुढचं कोणाच्या मिठाबरोबर कोणाच्या घरी गेलं, देव जाणे. पण मी काय अडते? अंबाडी आपण बोडीच्या साचल्या पाण्यात पंधरा दिवस बुडवतो, दोर निघतो, मग हिलाही पंधरा. सांगा, यात माझं काय चुकलं? सोळाव्या दिवशी पाण्यात हात घातला तर पेंढ्यांच्या जागी नुसती लापशी, आणि वास असा की म्हशी पाण्यात उतरेनात. सहाव्या दिवशी एका म्हशीने लाथेने एक पेंढी काठावर फेकली होती, तेवढी साबूत. म्हणजे म्हशीला कळलं, मला नाही. सोडून देता आलं असतं, पण बोलून बसली ना मी.

ती एक पेंढी वाळवली, मोगरीने ठेचली, भुसा झटकला, खिळे ठोकलेल्या पाटीवर विंचरली, थुंकी लावलावून टकळीवर कातली. बोटं सोलली. इकडे अंगावरचं लुगडं ठिगळावर ठिगळ, ठिगळांसाठी घरातल्या गोधड्यासुद्धा उसवून झाल्या. टिकाराम कोष्ट्याने सूत विणून दिलं… वीतभर रुंद, दोन हात लांब. म्हणे, "बाई, याच्यात ताक गाळा."

त्याच आठवड्यात अंगावरचं लुगडं पाठीवर उभं फाटलं.

मग काय, बुढ्याचं एकुलतं धोतर मी नेसली, बुढ्याला धानाच्या कोठीमागे बसवलं, आणि कोणी ओळखू नये म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढून रांगेत उभी राहिली. पांढरं नेसणं, झाकलेलं कुंकू. पण पलीकडच्या टोलीतल्या शांतीबाईने चालीवरून ओळखलंच. पाठीवर हात ठेवून हळूच म्हणते, "बिसरामभाऊ केव्हा गेले वं?"

आता काय सांगावं? जिवंत आहे म्हणावं, तर त्याचं धोतर माझ्या अंगावर कायले ते सांगा, ते सांगावं तर जवसाचं सांगा, ते सांगावं तर विहिरीवरचं बोलणं… मी गप्प. जन्मात पहिल्यांदा गप्प. बायांनी ते दुःख समजून मला हाताला धरून रांगेच्या पुढे नेलं, लुगडं हातात आलं, आणि माझ्यामागे पंधरा जणी रडत घरी. अंगणात बसून त्यांनी असा सूर लावला, आतून बुढा ओरडून राहिला, "मी आहो, मी आहो," तर कोणाच्या कानावर पडेना. मी नवं लुगडं घेऊन आत जाऊ म्हणते, तर शांतीबाई मला गळामिठीतून सोडेना.

शेवटी बुढ्याच्या हाती लागलं ते त्याने कमरेला कसलं आणि दारात येऊन उभा राहिला.

रडणं थांबलं. बाया तोंडात पदर कोंबून पळत सुटल्या. तुम्हाला सांगते, माझी वर्षभराची मेहनत त्या दिवशी साऱ्या गावाने डोळ्यांनी पाहिली… पण बाई, कापड कसं झालं, म्हणून एकीने विचारलं नाही.