त्र्याहत्तरावा तुकडा

आता मला सांगा, त्र्याहत्तर हा काय आकडा आहे? चौदा सप्टेंबर, सकाळी निरभ्र, दुपारून डोंगरावरचा गार वारा... वहीत लिहिलंय मी, रोज लिहितो... आणि अशा चांगल्या दिवशी सेलिमा मावशी दारात उभी, हातात लाल मखमलीचा तुकडा! उद्या आमच्या अनारकानचं लग्न, सकाळीच नारिनहून व्याही येणार, आल्या आल्या पोरीची ठिगळांची रजई बघणार, आणि ही म्हणते, "अरे, माझा तुकडा राहिलाच की!"

तुम्हाला सांगतो, तोवर बहात्तर होते. प्रत्येक घराचा एक, वीतभर चौकोनी, सुखाच्या दिवशी अंगावर घातलेल्या कपड्यातलाच. नाकारायचा नाही, कापायचा नाही. आशीर्वाद कोणी कापतं का? माझी बायको झैनेप म्हणाली, "आठवीपर्यंत शिकलात ना? मग ओळी लावून द्या!" लावल्या. बहात्तरला एकानं भाग जातो, दोनानं छत्तीस, तिनानं चोवीस, चारानं अठरा, पाचानं नाही, सहानं बारा, सातानं नाही, आठानं नऊ, आणि नवानं पुन्हा आठच, म्हणजे थांबायचं! आठ ओळी, नऊ-नऊ तुकडे. कशी देखणी रजई! आणि त्यात ही मखमल... आकडा कुणाचं ऐकतो का?

त्र्याहत्तरला दोनानं जाईना, तिनानं जाईना, पाच नाही, सात नाही, आठ नाही, नऊ नवे एक्याऐंशी म्हणजे पुढं बघायलाच नको. एक ओळ, त्र्याहत्तर तुकडे! झैनेप म्हणते, "छान! ओढ्यापासून मशिदीपर्यंत अंथरा, गाव झोपेल!"

मग मावशीच म्हणाली, "त्यात काय, आणखी आणते." गेली, आणि वरच्या गल्लीतल्या चार बायका घेऊन आली. सत्याहत्तर! सात गुणिले अकरा! मी टोपी उडवली. झैनेपनं वीत मोजली. "सात विती? नवऱ्याला पांघरूण आणि पोरीला हवा?" तेवढ्यात जुळ्या बहिणी आल्या, दोन तुकडे, एकोणऐंशी... पुन्हा एकटा! दोन, तीन, पाच, सात, कुणाशी म्हणून जमेना! आकडा कुणाचं ऐकतो का?

शेवटी मीच रस्त्यावर उभा राहिलो. मेंढ्या घेऊन चाललेला परका माणूस अडवला. "दादा, एक तुकडा द्या." तो म्हणतो, "मेंढीचा?" म्हटलं, "कपड्याचा!" बिचाऱ्यानं लग्नातला रुमाल काढून दिला. ऐंशी! आठ गुणिले दहा! अंगणात मांडली, सहा बायकांनी सुया ओवल्या, मी चहाचा पहिला घोट घेतला... आणि सेलिमा मावशी रजईभोवती एक चक्कर मारून म्हणते, "यात बापाचा कुठला?"

सगळ्या माझ्याकडे बघतायत. अहो, अख्ख्या गावाचा आहे, मेंढपाळाचा आहे, बापाचाच नाही! मी म्हटलं, राहू दे, आकडा बिघडेल. अनारकान आतून म्हणाली, "बिघडू दे, आब्बा." एक्याऐंशी. मी घाबरत घाबरत भाग लावला. तिनानं सत्तावीस... आणि नवानं नऊ! नऊ ओळी, नऊ-नऊ! जोडीला दुसरं कुणी लागलंच नाही!

तोवर झैनेप कात्री घेऊन घरात जाऊन आलीसुद्धा. हातात पांढरा तुकडा. "कुठून कापलास?" "खुंटीवरच्या सदऱ्याचा, पाठीतून. कोटाखाली कोण बघतंय?" अहो, तो उद्याचा! "सुखाच्या दिवशीचा दुसरा आहे का तुम्हाला?" नव्हता. आकडा कुणाचं ऐकत नाही, तर बायको ऐकेल?

पंधरा सप्टेंबर, ऊन, वारा नाही. रजई नऊ बाय नऊ, व्याह्यांनी दोनदा मोजली. मग आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी मला मानाचा नवा कोट आणला, आणि तो चढवण्यासाठी भर मांडवात, एकशे चाळीस पाहुण्यांकडे माझी पाठ करून, जुना काढला.