मिसेस ऑर्मरॉडचं कार्पेट

“हॅलो? … हॅलो, ग्लेनिस? नोरीन बोलतेय… अगं नोरीन, मुलांच्या खात्यातली… हो, तीच कटकटी. ऐक, तो चौदा नंबरचा फ्लॅट… वरच्या मजल्यावरचा, मिसेस ऑर्मरॉड राहायच्या तो… हो, गेल्या बिचाऱ्या, माहितेय… त्यातलं कार्पेट उचकटायला तुमच्या घरांच्या खात्याची माणसं आज जाणार आहेत ना? नको. थांबव त्यांना.”

नोरीनने फोन खांद्यात दाबून धरला आणि टेबलाखाली बूट सैल केले. आईबापांकडे राहता येत नाही अशी मुलं अठराची झाली, की कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, त्यांना घर देते. ते घर शोधायचं आणि मूल त्यात टिकवायचं, हे काम बावीस वर्षं तिच्या गळ्यात होतं. गुडघे केव्हाच गेले होते, सहनशक्ती त्यांच्या मागोमाग निघाली होती.

“नियम मला पाठ आहे गं. जुनं कार्पेट काढल्याशिवाय किल्ल्या द्यायच्या नाहीत. पिसवा, वास, तक्रारी… हो… हो… अगं ऐक ना! मिसेस ऑर्मरॉडच्या घरी पिसवा? ती बाई दूधवाल्यालासुद्धा पाय पुसायला लावायची…

“कोणासाठी म्हणजे? टॅमसिनसाठी. सोमवारी राहायला जातेय… हो, तीन घरांना नाही म्हणाली तीच. नखरे नाहीत गं ते. पहिलं घर पबच्या डोक्यावर. दुसरं, तिच्या आईचा तो मित्र राहतो त्याच गल्लीत. कोणत्या शहाण्याने निवडलं होतं, विचार ना… मी. मीच निवडलं होतं. नकाशा बघितला, फाईल बघितली नाही. … असो. तिसऱ्यात खाली नुसतं सिमेंट. दोन पावलं टाकली, स्वतःच्याच पायांचा आवाज ऐकला आणि सरळ जिना उतरून गेली.

“आणि इथे? तेच तर सांगतेय! मंगळवारी दाखवायला नेलं, तर दारातच बूट काढले तिने. कोणी सांगितलं नव्हतं. अकरा परक्या घरांत वाढलीय पोर, प्रत्येक ठिकाणी बुटांवरून बोलणी खाल्लीत. इथे आपणहून काढले, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली कार्पेटवर बसली मांडी घालून. म्हणाली, ‘हं. चालेल.’ … ग्लेनिस, टॅमसिनचं ‘चालेल’ म्हणजे दुसऱ्या पोरीने गळ्यात पडून रडण्यासारखं आहे…

“नवं कशातून घेऊ? घर मांडायला तिला पैसे मिळतात ते शेगडी, पलंग नि फ्रिजमध्येच उडतात.

“बैठकीला होते ना सकाळी! तीन तास. ‘मुलांसाठी योग्य घरे’, चाळीस पानी आराखडा. कुठे किती खोल्या, किती वर्षांत… कार्पेट हा शब्द औषधालाही नाही. बिस्किटं होती… चॉकलेटची, हो…

“सही? करते ना, माझ्या जबाबदारीवर. लिही, ‘पिसवा निघाल्यास त्या नोरीन टर्नबुल यांच्या समजाव्यात.’ हस, हस. पण आधी तुमच्या त्या कार्पेट काढणाऱ्या एरॉलला फोन लाव… एक वाजता जाणार म्हणालीस ना, बारा चाळीस झालेत. दुसऱ्या फोनवरून लाव. मी धरते.”

तिने धरला. सँडविच उघडलं, बघितलं आणि परत गुंडाळून ठेवलं. मंगळवारी जिना उतरताना टॅमसिनने एवढंच विचारलं होतं, ‘ते कार्पेट राहणार ना?’ आणि नोरीन ‘राहणार’ म्हणून बसली होती. मुलांना कशाचंही वचन द्यायचं नाही, हे खात्यातल्या नव्या पोरींना वर्षानुवर्षं बजावत आलेली बाई! तिला स्वतःचाच राग आला.

“हां, बोल… काय? जेवायच्या आधी उरकून टाकू म्हणून? … जन्मात कधी वेळेवर गेला नाही तो माणूस, आणि आज… सगळं? … बाहेरच्या खोलीतलं. … खाली कचऱ्याच्या कंटेनरमध्ये… पावसात? मग गेलंच ते.

“नाही, आहे मी. ऐकतेय. … थांब. झोपायची खोली? तिथे अजून… हात लावलेला नाही? … मग लावू नको म्हणावं! थांबव त्याला तिथेच… अर्धवट दिसेल, दिसू दे. … नाही गं, चालेल. एका खोलीची सवय आहे तिला. आजवर प्रत्येक घरात एकच तर मिळाली, तीही दुसऱ्याची.

“तिला मी सांगते. आजच… छे, सोमवारी दार उघडल्यावर कळायला नको. तसं पुष्कळांनी केलंय तिच्याशी. … चिडेल. ‘तुम्ही म्हणाला होतात’ म्हणेल. म्हणू दे. म्हणालेच होते मी…

“कागद पाठव, सही करते. … ग्लेनिस, एक मिनिट. एरॉल अजून आहे का गं त्या फोनवर? उभा कुठे आहे? … झोपायच्या खोलीत? … मग त्याला म्हणावं, बूट काढ आधी.”

तिने फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि टॅमसिनचा नंबर लावला.

“हॅलो, टॅमसिन? … हो, मीच. … कार्पेटबद्दलच.”