जाणूनबुजून

शंकरराव: गनमॅन गल्लीच्या तोंडाशीच कामून ठेवले साहेब? आमच्या नल्लकुंट्यात मिनिस्टर असा एकटा येत नसतो.

हिम्मतराव: एकट्यानंच यायचं होतं. परवा गृहखातं मिळालं, आणि पहिल्याच गठ्ठ्यात तुमचा अर्ज. अक्षर बघूनच ओळखलं. तुम्ही बसा ना.

शंकरराव: उभाच बरा हाय जी. पाचवा अर्ज हाय तो. पोलिसातली नोकरी नको, काई नको. बडतर्फीच्या कागदावर ‘हुकूम नसताना जाणूनबुजून गोळी झाडली’ असं लिवलंय. त्यातलं ‘जाणूनबुजून’ तेवढं खोडा. चूक माझीच. नसलेला हुकूम मला ऐकू आला.

हिम्मतराव: एकोणीस वर्षं हेच लिहिताय.

कोंडाबाई: मग काय लिवतील? मी यांची बायको, कोंडाबाई. चहा घ्या. यांनी कान तपासून घेतले, ठावं हाय का तुमाला? सरकारी दवाखान्यात, तीनदा. डॉक्टर म्हणला, कान खणखणीत हायेत. तर हे म्हणले, मग माझ्या डोक्यातच बिघाड असंल.

शंकरराव: तू गप गं. साहेब, बेगम बाजारात त्या दिवशी गलका केवढा होता! दगड काय, शटरं काय. कुणी तरी ‘हटो’ म्हणलं असंल, मी ‘फायर’ ऐकलं. अन् मेला कोण, तर यादगिरी हमाल. पाठीवर मिरचीचं पोतं. त्या दगडफेकीशी त्याचा काय संबंध?

हिम्मतराव: शंकरराव, ऐका...

शंकरराव: तुम्ही चौकशीत सांगितलं, हुकूम दिला नाही. म्हणलं, माझा साहेब खोटं कशाला बोलंल?

हिम्मतराव: दिला होता.

शंकरराव: काय जी?

हिम्मतराव: ‘फायर’ मीच ओरडलो. कपाळाला दगड लागला, रक्त डोळ्यांत उतरलं, घाबरलो. तुम्ही बरोबर ऐकलंत.



शंकरराव: दोनदा म्हणलात ना साहेब?

हिम्मतराव: दोनदा.

शंकरराव: हाव. मला बी दोनदाच ऐकू आलं होतं.

कोंडाबाई: अन् तुम्ही यादगिरीच्या घरी जाऊन रडलात. पेपरात फोटो आला. वर्दी उतरवली, तिकीट मिळालं, ते त्याच फोटोवर. इकडं आमचा मिलिंद शाळेत ‘खूनी का बेटा’. आता वकील झालाय. हितं चिक्कडपल्लीत राहतो, सहा वर्षं झाली, बापाशी एक शब्द नाय.

हिम्मतराव: बाई, ते रडणं खोटं नव्हतं.

कोंडाबाई: खरं रडलात अन् तरी गप बसलात?

हिम्मतराव: तो शब्द आजच खोडतो. त्यांना मानानं परत...

कोंडाबाई: खोडून काय व्हतंय? खरं काय घडलं ते लिवा.

हिम्मतराव: लिहिलं तर खुर्ची त्याच दिवशी जाईल. खटला होईल. माझ्या गौरीचं लग्न ठरलंय पुढच्या महिन्यात. थोडे दिवस द्या, हे अधिवेशन होऊ दे...

शंकरराव: साहेब, तुम्ही परेशान नका होऊ. माझे कान ठीक होते, एवढं कळलं, बास झालं. पोरीचं लग्न नीट करा. आमी कुणाला सांगणार नाय.

कोंडाबाई: मिलिंदला बी नाय?

शंकरराव: नाय.

हिम्मतराव: अहो, अजून मलाच वाचवताय तुम्ही! ... बाई, मिलिंदचा नंबर लावा.

कोंडाबाई: तो वकील हाय साहेब. ऐकून गप बसायचा नाय.

हिम्मतराव: म्हणूनच लावा. घरी गेलो की माझं मन फिरेल. माझं मला माहीत आहे.

कोंडाबाई: लागला. घ्या.

हिम्मतराव: हॅलो, मिलिंद? मी हिम्मतराव बोलतोय... हो, तोच. तुमच्या घरून. नाही, बाबांना काही झालेलं नाही, माझ्यासमोर उभे आहेत. फोन ठेवू नका, आधी ऐका. बेगम बाजारात गोळी चालवायचा हुकूम मी दिला होता. बाबांनी फक्त तो पाळला... हो, शुद्धीवर आहे मी. लेखी देतो, तुमच्यासमोर सही करतो. यादगिरीच्या घरीही मीच जाऊन सांगेन... हो... हो, इथंच आहेत.

शंकरराव: काय म्हणतो पोरगा?

हिम्मतराव: विचारतोय, बाबा जेवले का.