आईला बाहेर काढायची तालीम

काय सांगू तुमाला, चूक माझीच. आईला चादरीच्या झोळीत घातली, झोळीला बांबू लावले, आन आमी चौघं भाऊबंद खांद्यावर घेऊन दारातनं बाहेर पडलो, तर समोरच्या सोनाकाकूनं हातातली पाटी टाकली आन तितंच गळा काढला, गेली का गं माझी माय! आई झोळीतनं म्हणाली, हाय अजून, पण ह्या गाढवाला लई घाई झालीय.

तसा मी हितलाच, कोळवणच्या खोऱ्यातला. वडलांपासनं भातशेती. घर डोंगराच्या पायथ्याला, मागची भिंत आन डोंगर यांच्यामधी बैल वळेल इतकीच जागा. उन्हाळ्यात वर डोंगराला भेग पडलेली दिसली. पंचायतीत साहेब आले, म्हणाले, झऱ्याचं पाणी गढूळ झालं की घर सोडायचं, सामान बघत बसायचं न्हाई. आता मी काय तयारी केली, तर पिशवीत तांदूळ, पीठ, लोखंडी तवा असं कोंबलं, आन मलाच ती उचलंना. बायकोनं सगळं उपसलं, कागदं, औषधं न् बॅटरी ठेवली, म्हणाली, तुमी तवा घेऊन पळा, मी माणसं घेऊन येते.

पण खरा घोर आईचा. खुब्याचं हाड मोडल्यापासनं तिचं चालणं बंद. म्हणून ती तालीम केली, आन तीच अंगाशी आली. आई म्हणाली, खांद्यावर आडवी मी एकदाच जाईन, तवर हात लावायचा न्हाई, डोंगर आला तर तुमी जावा, मी हितंच. शपथा घातल्या, रडलो, भांडलो. म्हातारी ढिम्म. मला झोप लागंना, पावसाची सर आली की उठून बॅटरीनं मागचा डोंगर बघायचो.

मग बायको तिच्या उशाशी बसली. आई, आडव्या नका, बसून याल का? आईनं इचार केला. म्हणाली, बसून येईन, देव येतो तशी. झालं, खुर्चीला दोन बांबू आवळले, आन रोज तालीम. आईला लुगडं चांगलंच लागायचं, वरनं आमालाच दटावायची, वाकडं चालताय मेल्यांनो.

श्रावणात, ऐन दुपारी, बायको झऱ्यावर हंडा भराय गेली आन रिकामाच घेऊन आली. ओरडली न्हाई. म्हैस सोडली, भावांना हाक मारली, मला म्हणाली, खुर्ची घ्या. आई म्हणाली, लुगडं बदलते. ही म्हणाली, आई, आज न्हाई. तिचं तोंड बघून आईनं उचलून घ्याय हात पुढं केले. शाळेपाशी पोचलो न् मागनं आवाज आला, दगडांचा ट्रक उलटावा तसा.

आईची खोली न्हाई ऱ्हायली. चिखल तिच्या खाटेच्या वर गेलाय.

आता आमी भावाच्या पत्र्याच्या खोलीत ऱ्हातो, रस्त्याच्या कडंला. आई रोज इचारते, घरी कवा जायचं? मागची भिंत वली हाय, असं आमी सांगतो. काल मी बायकोला म्हणालो, किती दिवस लपवायचं, सांगून टाकू का? ती तांदूळ निवडत होती, वर बघितलं न्हाई. म्हणाली, सांगा, पण मी घरात नसताना सांगा. त्या माझे पाय धराय वाकतील, आन मला ते बघवायचं न्हाई.